मेणाच्या ठोकळ्याला वाचा फुटली

‘रिपोर्टात आयएचसी करा असं लिहिलंय, म्हणजे पुन्हा तुकडा काढणार का?’ सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीशी आम्हा तंत्रज्ञांना हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. ‘बहुधा नाही, आहे तोच ठोकळा पुरेल,’ असे आम्ही सांगतो. हे उत्तर देता यावे म्हणून संशोधकांची पन्नास वर्षे खर्ची पडली.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे, ही रीत जुनी. पेशीकेंद्र निळे, बाकी गुलाबी. बहुतेक गाठी एवढ्यावर ओळखता येतात. पण काहींच्या पेशी इतक्या अविकसित असतात, की लिम्फोमा की कार्सिनोमा हे नुसत्या रूपावरून ठरत नाही. दोहोंचे उपचार वेगळे. नाव चुकले की औषधही चुकते.

१९४१ साली हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडले. प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच चिकटते. चमक दिसेल तिथे ते प्रथिन! त्याच वर्षी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. त्यांच्या पिढीची भिस्त मात्र साध्या रंगांवर आणि कसलेल्या नजरेवरच होती.

ती चमक खास सूक्ष्मदर्शकाखालीच दिसे आणि हळूहळू विझे. १९६० नंतरच्या दशकात नाकाने व पिअर्स यांनी चमकीऐवजी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडले; खूण साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू लागली. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या टेलर व बर्न्स यांनी हे तंत्र नेहमीच्या मेणातल्या तुकड्यांवर चालवून दाखवले. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले. तरी फॉर्मॅलिनने जखडलेली कित्येक प्रथिने गप्पच होती. १९९१ मध्ये शान-रोंग शी व सहकाऱ्यांनी काप मायक्रोवेव्हमध्ये तापवले आणि तीही बोलू लागली.

आज सायटोकेराटिन उमटले तर संशय कार्सिनोमाकडे, सीडी-४५ उमटले तर लिम्फोमाकडे वळतो. एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत, म्हणून तीन-चार रंग एकत्र लावतात. शिवाय खात्रीचे काप सोबत रंगवून रंग खरा आहे ना, हे पडताळतात. रिपोर्टाला लागणारे जास्तीचे दिवस यात जातात. ती दिरंगाई नव्हे.

मात्र मुळात तुकडा लगेच, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडला नसेल तर पुढची सारी विद्या लंगडी पडते. विघ्नहर्ता कुणावर ही वेळ न आणो. आलीच, तर दुसऱ्या रुग्णालयात जाताना कागदांबरोबर काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळाही आठवणीने मागून घ्या. रिपोर्टाची प्रत पुन्हा मिळते. ठोकळा एकच असतो.