बापाची कमाई, मुलाचा डौल

नवी वस्तु जुनीस मागें सारते, असें आपण सहसा मानतों. इंग्लंडांतील दोन मोटारी मात्र निराळी साक्ष देतात. 1956 सालीं ऑस्टिन कंपनीनें ‘ए 35’ ही लहानशी सेडान विक्रीस आणली. चौघांचें कुटुंब, डोक्यावर पक्कें छप्पर आणि बेताचा खर्च, असा तिचा संसारी बाणा. दोनच वर्षांनीं, 1958 मध्यें, डोनाल्ड हीली यांची ‘स्प्राइट’ ही चिमुकली रोडस्टर अवतरली. जागा दोघांपुरती, छप्पर कापडी. दारांना बाहेरून मूठ नाहीं, मागें सामानाच्या जागेस झांकण नाहीं!

परंतु तिच्या अंतरंगांत डोकावून पाहतों तों 948 घन सेंटिमीटरांचें इंजिन आणि पुढील स्प्रिंगांची रचना ‘ए 35’ चीच. दोन कार्बुरेटर जोडून 34 अश्वशक्तीची सुमारें 43 केली, एवढेंच. सुकाणूची यंत्रणा मॉरिस मायनर या 1948 च्या सेडानकडून घेतलेली. घरोघरीं खपणाऱ्या सेडानांमुळें हे भाग स्वस्त झाले नसते, तर बेताच्या मिळकतीच्या तरुणास रोडस्टर स्वप्नांतच पाहावी लागली असती.

म्हणून दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद आम्हांस फोल वाटतो. मुलाच्या डौलाचें कौतुक खुशाल करावें. बापाची कमाई मात्र विसरूं नये.