सॉफ्टवेअर इंटिग्रेशन डेव्हलपर : सातारा-सांगलीतून सुरुवात कशी करावी?

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मंजूर दिसतो, पण पैसे खात्यात येत नाहीत. ही तक्रार आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या ओळखीची आहे. अनेकदा कारण साधे असते. आधारवर आधारित पेमेंट आपल्या हातातल्या पासबुकाच्या खात्यात जाईलच असे नाही. एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधार क्रमांकाला शेवटी जी बँक जोडली असेल तिकडे ते जाते. विद्यार्थी एका बँकेत चकरा मारतो आणि पैसे दुसऱ्या बँकेत पडलेले असतात, किंवा जोडणीच नसल्याने परत गेलेले असतात. पोर्टल ठीक, बँकही ठीक. बिघाड दोघांच्या सांध्यात. असे सांधे बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला सॉफ्टवेअर इंटिग्रेशन डेव्हलपर म्हणतात.

आमच्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या मुलामुलींना वेब डिझाईन माहीत असते, ॲप बनवणे माहीत असते, हल्ली एआयही माहीत असते. या कामाचे नाव मात्र फार थोड्यांनी ऐकलेले असते, कारण यात दाखवायला सुंदर स्क्रीन नसते. कंपनीत हिशेबाचे एक सॉफ्टवेअर, गोदामाचे दुसरे, पगाराचे तिसरे, शिवाय बँक आणि सरकारी पोर्टल. प्रत्येक वेगळ्याने बनवलेले. एकातली माहिती दुसऱ्यात पूर्ण, योग्य रूपात आणि एकदाच पोहोचवणे हे या डेव्हलपरचे काम. नोकरीच्या जाहिरातीत ते इंटिग्रेशन इंजिनिअर, एपीआय डेव्हलपर, मिडलवेअर डेव्हलपर अशा नावांनी येते. कधी थेट टूलच्या नावाने, जसे म्यूलसॉफ्ट डेव्हलपर.

जवळचे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या जीएसटी बिलाची सरकारी पोर्टलवर ई-इनव्हॉइस म्हणून नोंद करावी लागते. सांगलीचा मोठा हळद व्यापारी असो की कुपवाड एमआयडीसीतला कारखानदार, त्याचे सॉफ्टवेअर बिलाची माहिती जेसन या रूपात पोर्टलला पाठवते. पोर्टल ती तपासून ६४ अक्षरी क्रमांक, म्हणजे आयआरएन, आणि क्यूआर कोड परत देते.

आता माहिती गेली आणि उत्तर येण्याआधी नेट बंद पडले, तर? बिल नोंदले गेले की नाही? कच्चा प्रोग्रॅम ‘अयशस्वी’ असे दाखवतो. कारकून नवा नंबर टाकून पुन्हा बिल करतो आणि एकाच विक्रीची दोन बिले सरकारदरबारी नोंदली जातात. तोच नंबर पुन्हा पाठवला तर पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून नाकारते आणि कारकून आणखी गोंधळतो. जाणकार डेव्हलपरचा प्रोग्रॅम आधी पोर्टललाच विचारतो : या नंबरच्या बिलाला आयआरएन दिला आहे का? असेल तर तोच घेतो, नसेल तरच पुन्हा पाठवतो. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे नसते. यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे दिसले नाहीत, तेव्हा तुम्ही हेच अनुभवलेले असते. या धंद्याची निम्मी अक्कल या एका प्रश्नात आहे आणि मुलाखतीतही तो फिरवून फिरवून विचारला जातो.

शिकण्याचा क्रम आम्ही असा सांगतो. आधी एचटीटीपी म्हणजे काय, विनंती कशी जाते, उत्तर कसे येते, ४०१, ४०४, ४२९, ५०३ हे आकडे काय सांगतात ते समजून घ्या. पोस्टमन हे साधन यासाठी फुकट मिळते. सोबत जेसन आणि एक्सएमएल. मग एसक्यूएल, कारण शेवटी माहिती डेटाबेसमध्येच जाऊन बसते. भाषा एकच धरा. पायथन लवकर येते. तरी आमचे मत जावाकडे झुकते, कारण म्यूलसॉफ्ट आणि अपाचे कॅमल ही या कामाची दोन मोठी साधने जावावर उभी आहेत. त्यानंतर गिट, थोडे लिनक्स, ओऑथ, आणि काफ्का किंवा रॅबिटएमक्यूसारखी संदेशांची रांग. टूलचे सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी. क्लासवाले नेमके उलटे करतात : पहिल्या दिवशी टूल, कारण टूलच्या नावावर फी घेता येते.

हे शिकायला पुण्यात खोली घ्यायची गरज सुरुवातीला नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावा, पायथन, लिनक्सचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीत ऐकता येतात. एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही मोफत पाहता येतात. पैसे लागतात ते परीक्षेला. जुना, पण ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. मोबाइलवर मात्र हे काम शिकता येत नाही, त्याबद्दल स्वतःची समजूत काढू नका. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या ज्या घरात लॅपटॉप नाही, तिथल्या मुलांसाठी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या अभ्यासिकेत दोन वापरलेले संगणक आणि नेट बसवणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून तो विद्यार्थी दिन. त्या दिवशीच्या एका हाराच्या आणि मंडपाच्या खर्चात एक संगणक बसतो.

सरावासाठी प्रकल्प गावातलाच निवडा. टॅलीचा शैक्षणिक मोड फुकट चालतो आणि टॅली एचटीटीपीवरून एक्सएमएल स्वीकारते. दुकानाच्या ऑर्डरची एक्सेल शीट वाचायची, प्रत्येक ऑर्डरची टॅलीत नोंद करायची, मध्येच संगणक बंद केला तरी कोणतीही नोंद दोनदा होऊ द्यायची नाही. दिसायला छोटे आहे, करायला महिना जातो. कोड गिटहबवर ठेवा आणि कुठे अडले, कसे सोडवले ते सोबत लिहा. बीकॉमच्या मुलांना इथे फायदा आहे : जमा-नावे त्यांना आधीच कळते.

शिक्षणाची वाट एकच नाही. सांगलीचे वालचंद (१९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी (१९६०), इस्लामपूरजवळचे राजारामबापू इन्स्टिट्यूट इथल्या मुलांना कॅम्पसमधून संधी मिळू शकते. बीसीए, बीएस्सी, एमसीए, पॉलिटेक्निकवाल्यांना दार स्वतः ठोठवावे लागते. सीडॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा चांगला आहे, पण प्रवेश परीक्षा आणि मोठी फी आहे; कर्ज काढण्याआधी वरचा पाया पक्का करा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी आहे, खाजगी क्लाससाठी नाही.

जातीचे काय? खाजगी कंपनीत आरक्षण नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर दलित नाव असेल तर मुलाखतीचे बोलावणे कमी येते, असे दिसले होते. गिटहबवरचे काम हा भेद मिटवत नाही. निदान ‘पात्र उमेदवार मिळत नाहीत’ हे वाक्य समोरच्याला अवघड करते. म्हणून दुसरी वाटही चालू ठेवा : एनआयसीची भरती, आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांतील आयटी अधिकारी. तिथे आरक्षण आहे आणि कामही पुष्कळदा याच स्वरूपाचे आहे.

दोन सापळे सांगायलाच हवेत. पहिला, खोट्या अनुभवाचा. ‘दोन वर्षांचा अनुभव आम्ही दाखवतो’ म्हणणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. कंपन्या यूएएनवरून भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासतात. हप्ते नसलेला अनुभव तिथे उघडा पडतो आणि मिळालेली नोकरी जाते. दुसरा, बॉंडचा. प्रशिक्षणाच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या किंवा आधी पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून उठून या. मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत.

कागदांवरून आणखी एक. आडनाव बदललेल्या घरांत दहावीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि पॅनवर तिसरे असते. पार्श्वभूमी तपासणीत त्यावरून रुजू होणे लांबते. अर्ज करायला लागण्याच्या सहा महिने आधी राजपत्र, आधार, पॅन आणि बँक सगळीकडे एकच नाव, एकाच स्पेलिंगने करून घ्या.