थकीत ई-चलन (महाराष्ट्र)

वाहतूक नियमभंगाबद्दल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने निघालेले, पण वाहनधारकाने न भरलेले चलन. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०१६ मध्ये ई-चलन सुरू केले आणि पुढे ते राज्यभर लागू झाले. चौकात पावती फाडण्याची जुनी रीत मागे पडली. कॅमेऱ्याने टिपलेल्या क्रमांकावरून चलन आता नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते.

चलन म्हणजे न्यायालयाची शिक्षा नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांत रक्कम भरून तडजोड करता येते. रक्कम भरली की प्रकरण मिटते. न भरल्यास मूळ गुन्हा कायम राहतो आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते. मद्यपान करून वाहन चालवल्यास (कलम १८५) तडजोडीची वाट नाही, थेट न्यायालयातच जावे लागते.

न्यायालयाचे समन्स आल्यावर मात्र दुर्लक्ष महागात पडते. गैरहजर राहणाऱ्यावर वॉरंट निघू शकते. गुन्हा सिद्ध होऊन झालेला दंडही थकवला, तर न्यायालयाच्या आदेशानुसार त्याबदली कैद भोगावी लागू शकते: केवळ दंडपात्र गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे पाच हजारांपर्यंतच्या दंडासाठी कमाल दोन महिने साधी कैद. बहुतेकांना त्याआधीच आरटीओत अडचण येते. वाहन विकून नाव बदलताना थकबाकी समोर येते आणि काम अडते.

मुदतीविषयी गैरसमज फार आहेत. केवळ दंडपात्र गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मर्यादा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मात्र विलंबाचे योग्य कारण असल्यास न्यायालय तो माफ करू शकते, आणि ई-चलन पोर्टलवरची नोंद मुदत उलटली म्हणून आपोआप पुसली जात नाही. तेवढ्या भरवशावर गप्प बसणे धोक्याचे.

राज्यात २०२१ पासून थकीत चलने दाखलपूर्व (न्यायालयात खटला दाखल होण्याआधीची) प्रकरणे म्हणून लोकअदालतीत ठेवली जातात. तेथे संमतीने झालेल्या निवाड्यावर अपील नाही. चलन चुकीचे वाटल्यास आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवावी आणि तेथे न मिटल्यास न्यायालयात बाजू मांडावी.

सर्वांत अन्याय्य स्थिती जुन्या मालकाची असते. गाडी विकली, पण नोंदणी बदलली नाही, तर नव्या चालकाची चलने त्याच्याच माथी येतात. गाडी कोण चालवत होते याची माहिती पोलिसांनी मागितल्यास ती देणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. त्यामुळे विक्रीची कागदपत्रे जपावीत. नोंदणीतला पत्ता व मोबाईल क्रमांक जुना असेल, तर नोटीस निघूनही ती मालकाच्या हाती पडत नाही. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळवण्याचे बंधन त्याच अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे.