पहिले मत, शेवटचे मत

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आमच्या सोयरिकी. मतदानाचे दिवस मात्र वेगळे. 2024 साली लोकसभेसाठी चंद्रपूरने 19 एप्रिलला, यवतमाळ-नांदेडने 26 एप्रिलला मत दिले. आदिलाबादची पाळी 13 मे रोजी आली. पलीकडचा कौल आम्हांला आधीच कळला असता तर?

अमेरिकेत तसेच घडते. राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार ठरविताना राज्ये क्रमाने मत देतात व निकाल लगेच जाहीर होतात. 1976 साली आयोवातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभांत सुमारे 37 टक्के कौल 'अद्याप कोणीही नाही' असा होता. जिमी कार्टर यांना सुमारे 28 टक्के. तरी गाजावाजा कार्टरांचा झाला, आणि पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले. ऐन हिवाळ्यात, ठरल्या संध्याकाळी सभेला जाणे रात्रपाळीच्या कामगाराला कसे जमावे? थोडे लोक जमतात, आणि शेवटच्या राज्यांना पुष्कळदा निवडच उरत नाही.

आपल्याकडे उमेदवार पक्षश्रेष्ठीच ठरवितात. ती उणीव मान्य. पण मतदानाचा क्रम आपण मतदाराच्या सोयीने लावला. 25 ऑक्टोबर 1951 रोजी हिमाचलातील चिनी येथे मतदान झाले, ते बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी लोकांना मत देता यावे म्हणून. 2024 साली सातही टप्प्यांची मोजणी 4 जूनलाच झाली. शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर अंदाज छापण्यास 2009 च्या दुरुस्तीने बंदी आहे.

पहिल्याचे मत शेवटच्याच्या मताहून जड होऊ नये, एवढ्यासाठीच ही पेटी बंद राहते.