संत्र्याची पक्वता : रंग, गर आणि साल

संत्रे पिकले आहे का आणि ते खाण्याजोगे आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजारात मात्र दोन्हींचा निवाडा सालीच्या रंगावर होतो. नागपुरी संत्र्यापुरते पाहिले तरी हा निकष किती लंगडा आहे ते कळते.

पक्वता गरात असते. फळ झाडावर पोसत असताना रसातील साखर वाढते आणि सायट्रिक आम्ल घटते; या दोहोंच्या प्रमाणावर चव ठरते. आंबा किंवा केळे तोडल्यानंतर पिष्टाची साखर होऊन गोड होते. संत्र्याच्या गरात असा साठाच नसतो. त्यामुळे आंबट तोडलेले संत्रे आढीत घालून गोड होत नाही.

रंगाचे गणित निराळे आहे. सालीतील हरितद्रव्य ओसरायला थंड रात्री लागतात. आंबिया बहराचे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांचे, फळ ऑक्टोबरात तोडणीला येते, तेव्हा रात्री उबदार असतात. म्हणून ते आतून गोड असूनही हिरवट राहू शकते. मृग बहराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचे, फळ हिवाळा काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि नारिंगी दिसते. इथिलीन वायूने हिरवी साल पिवळी करता येते, पण त्याने गर गोड होत नाही.

मग पारख कशी करावी? सारख्या आकाराच्या दोन फळांतले जड घ्यावे. त्यात रस अधिक. पिकताना नागपुरी संत्र्याची साल सैल होते, पण फळ अगदी पोले लागले तर ते जास्त पिकलेले असून फोडी कोरड्या निघतात. मोसंबीला ही खूण लागू नाही. तिची साल गराला चिकटलेलीच असते. खात्री हवी असेल तर एक फळ सोलून चाखावे.

आता सुरक्षितता. कोळी किडीने पडलेले लालसर-तपकिरी चट्टे सालीपुरतेच असतात. ते फळ खाता येते. मात्र देठाशी किंवा खरचटल्या जागी मऊ, पाणचट डाग दिसून त्यावर पांढरी, मग हिरवी वा निळी भुकटी आली, तर ती पेनिसिलियम बुरशी होय. तिचे तंतू आत शिरलेले असतात, म्हणून डाग कापून उरलेले खाऊ नये. चांगले फळही सोलण्याआधी धुवावे, कारण सालीवरची घाण हातांमार्फत फोडींना लागते.

थोडक्यात, हिरवे संत्रे नाकारण्याचे कारण नाही. मऊ पडलेले नारिंगी संत्रे मात्र टाकावे.