तास झाला, पण पोहोचला का?

मार्च 2020 मध्ये विद्यापीठांची दारे बंद झाली आणि काही आठवड्यांतच वर्ग मोबाइलवर भरू लागले. त्याच महिन्याच्या 27 तारखेला चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक लेख लिहून या प्रकाराला वेगळे नाव दिले : आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन. दूरशिक्षण ही आधीपासून आखलेली गोष्ट. आपल्या नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून ते करते आहे. हे मात्र पूर आल्यावर शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या चुलीसारखे होते. त्याला घरच्या स्वयंपाकाची मापे लावू नका, असा त्या लेखाचा मथितार्थ.

विद्यार्थ्यांनी मापे लावलीच, आणि का लावू नयेत? शुल्क त्यांनी भरले होते, पदवीवर नावही त्यांचेच येणार होते. महाविद्यालये झालेले तास मोजत होती. मुलांचा हिशेब निराळा. आवाज नीट आला का? शंका विचारता आली का? लिहून पाठवलेले कुणी वाचले का?

मुशायऱ्यात शेर ऐकवला की समोरून दाद येते. निदान कुणी खोकते तरी. त्या तासांना शिक्षकांच्या वाट्याला फक्त बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन. मुले आळशी, असा निष्कर्ष काही प्राध्यापकांनी लगेच काढला. पण कॅमेरा लावला की डेटा संपे, आणि एका खोलीचे घरही साऱ्या वर्गाला दिसे.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2017-18 मध्ये शहरांतल्या 42 टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती, खेड्यांत जेमतेम 15 टक्के. संगणक तर खेड्यांत शंभरात चार-पाच घरी. त्यामुळे जीव तोडून शिकवणाऱ्या बाईसुद्धा रेंज नसलेल्या वाडीत नापास ठरल्या. मुलांचे मत खोटे नव्हते. त्यांच्यापर्यंत जेवढे आले, तेवढ्याचेच ते होते.

मग परीक्षांचा घोळ. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, असे राज्य सरकारने जून 2020 मध्ये ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलैला त्या सप्टेंबरअखेर घ्याच म्हणून बजावले, आणि 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही, असा निर्णय दिला. परीक्षा झाल्या. तरीही त्या मुलांना 'कोरोना बॅच' म्हणून हिणवले गेले. अपुऱ्या शिकवण्याची तक्रार ज्यांनी केली, संशय त्यांच्याच गुणपत्रिकेवर.

नॅकच्या मूल्यांकनात 2017 मध्ये विद्यार्थ्यांचे समाधान विचारणारी प्रश्नावली आली. त्या दोन वर्षांतली उत्तरे कुठल्या महाविद्यालयाच्या कपाटात असतील, तर ती आता काढून वाचावीत.