पीटेन (प्रथिन)

पीटेन हे मानवी पेशींत आढळणारे अर्बुदरोधक प्रथिन आहे. पेशीपटलावर उमटणारा वाढीचा संदेश मर्यादेत ठेवणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. त्याचे जनुक १० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असून त्याचा शोध १९९७ साली लागला.

रचना

हे प्रथिन ४०३ अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्याचा एक भाग फॉस्फेट गट विलग करतो, तर सी-२ नावाचा भाग प्रथिनाला पेशीपटलाशी जोडतो. शेपटीकडील भागावर फॉस्फेट गट असताना प्रथिन मिटलेल्या अवस्थेत पेशीद्रवात राहते. ते निघाल्यावर पटलाकडे जाते.

कार्य

वृद्धिघटक ग्राहीला जोडला गेला की पीआय-३ कायनेज हे विकर पटलातील पिप-२ या मेदाला आणखी एक फॉस्फेट जोडून पिप-३ तयार करते. पिप-३ मुळे एकेटी हे प्रथिन पटलाकडे ओढले जाऊन कार्यान्वित होते आणि पेशीची वाढ व विभाजन यांना चालना मिळते. पीटेन तोच फॉस्फेट काढून पिप-३ चे पुन्हा पिप-२ मध्ये रूपांतर करते व संदेश शमवते.

रोगांशी संबंध

पीटेनच्या अभावी पिप-३ साचून वाढीचा संदेश चालूच राहतो. गर्भाशयाचे अंतःस्तर, मेंदू व पुरःस्थ ग्रंथी यांच्या अनेक कर्करोगांत हे जनुक निकामी झालेले आढळते. त्यातील आनुवंशिक बिघाडामुळे कौडन संलक्षण होते. त्यात स्तन व अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या संलक्षणाच्या काही रुग्णांत १२९ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आढळले. अशा पीटेनला इतर प्रथिनांवरील फॉस्फेट काढता येतो, पिप-३ वरील मात्र नाही. त्यावरून अर्बुदरोधनात पटलावरील कार्याचे महत्त्व स्पष्ट झाले.